क्रूझवरचा स्पा: पैसे कधी वसूल होतात, कधी नाही

प्रश्न असा आला आहे: "आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. पहिल्या दिवशी सिंगापूरहून निघायचं, मग पेनांग, मग फुकेत, एक अख्खा दिवस समुद्रात आणि पाचव्या दिवशी सकाळी परत. जहाजाच्या साइटवर ५० मिनिटांचा कपल मसाज २९९ डॉलरला दिसतोय. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात, बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे. बाबा सत्तरीचे, उजवा खांदा आखडतो. घ्यावा का? पैसे वसूल होतील का?"

मी कोणत्या बाजूने बोलतेय ते आधी सांगते. मी मूळची सावंतवाडीची. २००९ पासून मार्च २०२० पर्यंत क्रूझ जहाजांवर स्पा थेरपिस्ट होते. आठ-आठ, नऊ-नऊ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं केली. भूमध्य समुद्र, कॅरिबियन, अलास्का, आणि शेवटची दोन सिंगापूरहूनच, तुमच्याच मार्गावर. जगभरची जहाजं थांबली तेव्हा साइन ऑफ केलं, म्हणजे जहाज सोडलं, ते कायमचं. आता पुण्यात मसाज थेरपी करते आणि नव्या मुलींना शिकवते. जहाजावर मी मसाज दिला तसा विकलाही, म्हणून दोन्हीकडचं माहीत आहे.

तुमच्यासाठी माझं उत्तर: कपल मसाज घेऊ नका. आईंसाठी एकच, साधा मसाज घ्या, तोही फुकेतच्या दिवशी, दुपारी, जहाजावर. बाबांना त्याच दिवशी खाली उतरवून थाई मसाजला न्या. का, ते सविस्तर सांगते.

हिशेब आधी संपवू. २९९ डॉलर ही पाटीवरची किंमत. बहुतेक मोठ्या जहाजांवर स्पाच्या बिलावर सेवाशुल्क आपोआप चढतं, आणि ते साधारण १८ टक्के असतं. म्हणजे बिल होतं ३५२ डॉलर ८२ सेंट. डॉलरला ८८ रुपये धरले तर ३१ हजार. कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के असेल तर आणखी हजार-बाराशे. पुण्यात चांगल्या ठिकाणी तासाभराचा मसाज दोन ते साडेतीन हजारांत होतो. म्हणजे दोघांचे घरी सहा-सात हजार आणि जहाजावर बत्तीस. हात तेच, तेलही जवळपास तसंच. वरचे पंचवीस हजार कशाचे, हे कळल्याशिवाय घ्यावं की नाही ते ठरवता येत नाही.

लोक मला विचारतात, "कोणती ट्रीटमेंट चांगली?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की मसाज संपल्यावर पुढचे दोन तास तुम्ही काय करणार आहात. जहाजाची खरी कमाई तिथे आहे. घरी मसाज झाला की टेबलावरून उतरायचं, तेलकट अंगावर कपडे चढवायचे, रिक्षा शोधायची, सिग्नलला हॉर्न ऐकायचे आणि घरात शिरल्या शिरल्या कुकर लावायचा. सैल झालेले खांदे तेवढ्यात पुन्हा कानापर्यंत गेलेले असतात. जहाजावर लिफ्टने काही मजले खाली आलात की केबिन. पलंग आवरलेला, पडदा ओढलेला, जेवण दुसरं कुणीतरी करतंय. फोन बाजूला ठेवलेला. अशा वेळी येणारी झोप घरी मिळत नाही, आणि जादाचे पैसे त्या झोपेचे आहेत. ती घ्यायला तुमच्याकडे वेळ नसेल तर तुम्ही पुण्यातलाच मसाज पाचपट भावाने घेतलात असं समजा.

एक उदाहरण माझ्या कायम डोळ्यांसमोर असतं. भूमध्य समुद्रातल्या फेरीत एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. घरचे सगळे उतरून शहर बघायला गेले होते आणि या टाचदुखीमुळे मागे राहिल्या होत्या. दुपारी दीडची वेळ. साधा स्वीडिश मसाज, ५० मिनिटं. अर्ध्या तासात त्यांचा श्वास इतका खोल गेला की मी हात हलके केले. संपल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही, लिफ्टपर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये भेटल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, दुपारी तीनला झोपले ती रात्री दहाला उठले, जेवणही चुकलं, पण अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. त्याच आठवड्यात, त्याच दराने, फॉर्मल नाइटच्या, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, संध्याकाळी पाच वाजता घेतलेले मसाजही मी दिले. साडेसहाला जेवणाची वेळ, केसांत तेल गेलेलं, साडी नेसायची बाकी, आणि टेबलावर पडल्या पडल्या डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्या मसाजचं कुणाच्याही शरीरात काही उरत नाही.

म्हणून दिवस आणि वेळ. तुमच्या फेरीत समुद्रातला दिवस एकच आहे. त्या दिवशी कुठे उतरायचं नसतं, म्हणून सगळ्यांना स्पा आठवतो. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत आमची एकही जागा रिकामी नसायची, मधल्या दहा मिनिटांत चादर बदलायची, टॉवेल लावायचे, पुढचा फॉर्म वाचायचा, घोटभर पाणी प्यायचं. संध्याकाळी पाचला येणाऱ्या माणसाला माझे दिवसातले सातवे किंवा आठवे हात मिळायचे. मी मन लावूनच काम करायचे, पण अंगठ्यांना मर्यादा असते. आणि दर त्या दिवशी पूर्ण. याउलट बंदराच्या दिवशी माणसं खाली उतरतात, स्पा ओस पडतो, आणि सवलत निघते. कधी सरळ वीस-पंचवीस टक्के, कधी वीस-वीस मिनिटांच्या तीन गोष्टी एकत्र करून. एकट्याचा १४९ डॉलरचा मसाज पाव किमतीने उतरला तर शुल्क धरून साडेअकरा हजारांच्या आसपास बसतो. स्वस्त नाहीच, पण ३१ हजारांपेक्षा वेगळा विषय आहे. शिवाय समोरची थेरपिस्ट ताजी असते.

बंदराच्या दिवसाचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. स्पा बहुतेक जहाजांवर वरच्या डेकवर, पुढच्या टोकाला असतो, कारण तिथून समुद्र छान दिसतो. पण जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा सर्वात जास्त वर-खाली होतं ते हेच टोक. आता तुम्ही पालथे, तोंड क्रेडलच्या, म्हणजे टेबलाच्या टोकाच्या गोल उशीच्या, भोकात, नजरेला फक्त जमिनीचा एक चौकोन, आणि टेबल हळूहळू उचललं जातंय. ज्यांना गाडी लागते त्यांना इथे नक्की मळमळतं. मलाक्काची सामुद्रधुनी बहुतेक शांत असते, पण फुकेतच्या बाजूला अंदमान समुद्र मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान खवळलेला असू शकतो. जहाज धक्क्याला किंवा नांगरावर उभं असताना हा त्रास फार कमी. समुद्रातल्या दिवशीच घ्यायचा असेल तर उताणं किंवा कुशीवर झोपवून मसाज द्या असं सांगता येतं. ते सगळ्यांना येतं, फक्त मागावं लागतं.

आता कपल मसाजबद्दल. त्यातले जादा पैसे खोलीचे असतात. दोन टेबलं शेजारी, मोठी खिडकी, कधी टब, शेवटी दोन ग्लास आणि चॉकलेट लावलेल्या स्ट्रॉबेरी. नवीन लग्न झालेल्यांना आवडतं. सत्तरीच्या मराठी नवरा-बायकोचं काय होतं ते मी टेबलाशेजारी उभी राहून पाहिलंय. दोघंही अवघडलेले. ती म्हणते, यांच्यासमोर कसं? तो दर पाच मिनिटांनी विचारतो, "बरं वाटतंय ना गं?" दोघांपैकी कुणीच सैल होत नाही. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून एकत्र काही द्यायचंच असेल तर त्या रात्री चांगल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करा. तिथे ते एकमेकांशी बोलतील.

आईंचा विषय जरा थांबून लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'मधुमेह' आहे आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय.

अलास्काच्या मोसमात एक आजी आल्या होत्या, मुलगा-सून अमेरिकेतले. सुनेने हौसेने हॉट स्टोन मसाज बुक केलेला. बाहेर थंडी, त्यामुळे गरम दगडांची कल्पनाच सुखाची. फॉर्मवर सगळीकडे 'नो' टिक. मी मराठीत बोलले तशा त्या खुलल्या. पाय पुसायला हातात घेतला तर उजव्या टाचेला, चपलेचा पट्टा घासून, आठ आण्याच्या नाण्याएवढा फोड फुटलेला. विचारलं, "आजी, हे कधी लागलं?" त्या वाकून बघत राहिल्या. त्यांना माहीतच नव्हतं. मग कळलं की वीस वर्षांचा मधुमेह, पायांना मुंग्या येतात, "पण आता सवय झाली." मधुमेहात पायांच्या नसांची जाणीव कमी झाली की गरम, थंड, दुखरं काही कळत नाही. ते दगड पन्नास अंशांच्या आसपासच्या पाण्यातून काढतात. आपल्याला चटका बसला तर आपण पाय ओढून घेतो, त्यांनी घेतला नसता. मी दगड बाजूला ठेवले, पायांना हात लावला नाही, आणि मान, पाठ, डोकं एवढंच तासभर केलं. सुनेला जाऊन सांगितलं, जखम जहाजाच्या दवाखान्यात दाखवून घ्या.

म्हणून आईंसाठी हॉट स्टोन, हॉट वॅक्स, गरम शेवाळाचं लेपन, पायाचं गरम पाण्याचं टब, यातलं काहीही नको. सौना आणि स्टीमही मधुमेहाबरोबर रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, घाम आणि उष्णतेने रक्तदाब एकदम उतरतो आणि ओल्या फरशीवर चक्कर आली तर गुडघ्यापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर जोरकस दाब नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असतील तर उपाशीपोटी मसाजला पाठवू नका, जेवणानंतर तासाभराने पाठवा. विमानानंतर एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती कुणालाही चोळू देऊ नका, आधी जहाजाचा डॉक्टर. मुंबईहून सिंगापूर पाच-साडेपाच तासांचं बसणं आहे, युरोपला जाणाऱ्यांचं तर त्याहून जास्त, आणि पोटरीतली रक्ताची गाठ हा विनोदाचा विषय नाही.

गुडघ्यांचं खरं सांगते. झिजलेला गुडघा मसाजने भरून येत नाही. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू सैल झाले की दोन-तीन दिवस जिने सोपे वाटतात, इतकंच. फिरायला आलेल्या माणसासाठी तेही कमी नाही, पण "गुडघ्यासाठी खास" म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. जहाजावर ॲक्युपंक्चरचे सत्रांचे पॅकेज विकतात. ज्याला त्याचा उपयोग होतो त्यालाही अनेक बैठका लागतात. चार रात्रींत काय होणार?

दाबाबद्दल आपल्या माणसांना सांगावंच लागतं. आपल्याकडे मालिश म्हणजे दिवाळीच्या पहाटे आईने खसाखसा लावलेलं तेल, बाळंतिणीला चोळणाऱ्या मावशींचा हात. त्या अपेक्षेने स्वीडिश मसाजला गेलं की बाहेर येऊन हमखास ऐकू येतं, "नुसतं कुरवाळलं हो." चूक कुणाचीच नसते. थेरपिस्टला परदेशी पाहुण्यांच्या हलक्या दाबाची सवय, आणि आपली माणसं परक्यासमोर बोलत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं, "थोडा जोर द्या" किंवा "हलकं करा". आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. डीप टिश्यूचे, म्हणजे खोल दाबाच्या मसाजचे, वीस-तीस डॉलर जादा देण्याआधी साध्यातच दाब वाढवून मागा, बहुतेकांना तेवढं पुरतं. कपड्यांची लाज वाटत असेल तर अंतर्वस्त्रं ठेवता येतात. अंगावर कायम चादर असते, जो भाग चालू आहे तेवढाच उघडा करतात. स्त्री थेरपिस्ट हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगायचं. आणि अगदीच संकोच असेल तर मान-खांदा-डोकं असा २५ मिनिटांचा मसाज असतो, तो कधी-कधी पूर्ण मसाजपेक्षा जास्त लागू पडतो.

आता विक्रीचा भाग. हा मी आतून पाहिलाय. जहाजावरचा स्पा बहुतेक वेळा जहाज कंपनी स्वतः चालवत नाही, बाहेरच्या कंपनीला दिलेला असतो. जगातल्या मोठ्या क्रूझ लाइन्सपैकी बऱ्याच जणींचे स्पा बहामाजमध्ये कार्यालय असलेली वनस्पावर्ल्ड ही एकच कंपनी चालवते. त्यामुळे लाइन बदलली तरी मेन्यू ओळखीचा वाटतो. थेरपिस्टचा मूळ पगार थोडा असतो, कमाई कमिशनवर. मी ज्यांच्याकडे होते तिथे रोज सकाळी मीटिंग व्हायची आणि कुणी किती बाटल्या विकल्या ते सगळ्यांसमोर वाचलं जायचं. मसाज कितीला झाला ते नंतर. सलग तीन दिवस माझा आकडा खाली होता तेव्हा मला समुद्रातल्या दिवसाच्या चांगल्या वेळा मिळेनाशा झाल्या. ५० मिनिटांचा मसाज ४२-४३ मिनिटांत संपवून उरलेली मिनिटं "सल्ल्याला" ठेवायची, असं शिकवलं होतं. माणूस नुकता उठलेला, गाऊनमध्ये, हातात लिंबूपाणी, डोकं अजून जड. त्याच्यासमोर छापील कागद यायचा, त्यावर मी पेनने तीन-चार वस्तूंना गोल केलेले. सी सॉल्टचा स्क्रब, स्नायूंचं तेल, डिटॉक्सच्या गोळ्या. तो कागद औषधाच्या चिठ्ठीसारखा दिसावा असाच छापलेला होता. सत्तरीच्या माणसाला तो डॉक्टरचा सल्ला वाटतो. तिथे मी गप्प राहायला हवं होतं असे पुष्कळ दिवस आहेत.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आधी करायचा. टेबलावर झोपण्यापूर्वी हसून सांगा: "आज मला काही घ्यायचं नाही, पूर्ण वेळ मसाजच द्या." फॉर्मवरही लिहा. चांगली थेरपिस्ट लगेच मान हलवेल आणि तुम्हाला तुमची पन्नासच्या पन्नास मिनिटं मिळतील. आईबाबांना हे जमणार नसेल तर तुम्ही काउंटरवर सांगा. १८ टक्के आधीच कापलेत, वर टिप द्यायचं बंधन नाही. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते शुल्क पूर्ण माझ्या हाती येत नसे, म्हणून कुणी जाताना पाच डॉलर हातात ठेवले तर मला आनंद व्हायचा. पण ते तुमच्या मनावर.

काय घेऊच नये ते पटकन सांगते. शेवाळ लावून, विजेचे हलके झटके देऊन "एका बैठकीत इंच कमी" करणारी ट्रीटमेंट: जातं ते पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत येतं, आणि आधी-नंतर मोजताना टेप किती ओढायची हे मोजणाऱ्याच्या हातात असतं. डिटॉक्स या शब्दाखाली विकलं जाणारं काहीही: ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, मसाजने विषारी द्रव्यं निघत नाहीत. बोटॉक्स वगैरे: परिणाम पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर ते इंजेक्शन देणारा माणूस दुसऱ्या समुद्रात असतो, काही बिघडलं तर कुणाकडे जाणार? पावलांचे ठसे घेऊन "मोफत तपासणी" करतात, ती बुटात घालायचे महागडे सोल विकण्यासाठी असते. दात पांढरे करणं गावातल्या दंतवैद्याकडे करा.

थर्मल एरियाचा पास मात्र मी सरसकट नाकारणार नाही. गरम टाइल्सचे आरामखाट, स्टीम, कधी खाऱ्या पाण्याचा गरम तलाव, समोर पूर्ण काच. अलास्कात मे-सप्टेंबरच्या फेऱ्यांना सात दिवसांचा पास घेणारी माणसं मी रोज पाहायची: बाहेर बर्फाचे कडे सरकताहेत आणि हे गरम खाटेवर पांघरूण न घेता पहुडलेले. तिथे एका मसाजच्या किमतीत आठवडाभर ऊब मिळते, नॉर्वेलाही तसंच. पास मोजकेच विकतात, म्हणून गर्दी नसते. पण तुमची फेरी विषुववृत्ताजवळची, चार रात्रींची, त्यातले दोन दिवस बंदरात. बाहेरच ३२ अंश आहे. नको. आणि पास घेण्याआधी जिमच्या कपडे बदलायच्या खोलीत डोकावून या, काही जहाजांवर तिथे साधं सौना आणि स्टीम फुकट असतं.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या फेऱ्यांबद्दलही लोक विचारतात. दोन रात्रींच्या फेरीत स्पासाठी वेळ काढू नका, डेकवर बसा. कोची बंदर असलेली फेरी असेल तर केरळात उतरून नीट चालवलेल्या आयुर्वेद केंद्रात अभ्यंग घ्या, वेळ आधी ठरवून.

यावरून बाबा आणि फुकेत. तिथे साध्या, स्वच्छ दुकानात तासाभराचा थाई मसाज ३०० ते ५०० बाथला होतो, म्हणजे साधारण आठशे ते चौदाशे रुपये. नुआड थाई, म्हणजे पारंपरिक थाई मसाज, युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. तो त्याच्या मातीत, तिथल्या माणसाच्या हातून, जहाजाच्या दहाव्या हिश्श्यात मिळत असताना वर बसून पैसे का द्यायचे? तेल नाही, कपडे अंगावर, सैल सदरा-पायजमा तेच देतात, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना बरा वाटतो. फक्त त्यात ओढणं, ताणणं, गुडघ्याने दाबणं असतं. बाबांचा खांदा नुसता आखडतो की हात वर जातच नाही, हे आधी पाहा. हात कानापर्यंत जात नसेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो, त्याला फिजिओथेरपी लागते, आणि अशा खांद्याला कुणी झटका देऊन ओढला तर परतीच्या विमानात ते हात धरून बसतील. "खांदा ओढायचा नाही" एवढं सांगा, किंवा पायांचा मसाज घ्या. फुकेतला जहाज कधी धक्क्याला लागतं, कधी नांगर टाकून छोट्या बोटींनी नेतात, आणि त्या बोटींना रांग लागते. परतीच्या शेवटच्या बोटीच्या किमान दीड तास आधी मसाज संपलेला हवा.

आई खाली उतरल्या नाहीत तर त्यांचा दिवस वाया जाईल असं वाटू देऊ नका. पेनांगला जॉर्जटाउनमध्ये आदल्या दिवशी चालणं होईलच, गुडघे त्या रात्री बोलतील. दुसऱ्या दिवशी सगळे उतरल्यावर जहाज किती शांत होतं ते अनुभवण्यासारखं आहे. बाराला जेवण, दीडला मसाज, अडीचला केबिन, पडदा. तुम्ही पाचला परत याल तेव्हा त्या चहा घेऊन डेकवर बसलेल्या असतील.

बुकिंग घरून करू नका. घरून केलेल्या बुकिंगला पूर्ण दर लागण्याची शक्यता जास्त, आणि बंदराच्या दिवसाची सवलत बहुतेक वेळा जहाजावरच निघते. चढलात की पहिल्याच दुपारी स्पामध्ये पाहुण्यांसाठी फेरफटका असतो, चिठ्ठ्या टाकून बक्षीसही काढतात. जा, खोली पाहा, फुकेतच्या दिवसाचा दर विचारा, शुल्क धरून किती ते कागदावर लिहून घ्या. थेरपिस्ट कोण, किती वर्षं करते, हेही विचारा. बहुतेक मुली फिलिपाइन्स, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, भारत इथल्या असतात, अभिमानाने सांगतात. रद्द करायचं तर साधारण २४ तास आधी, नाहीतर पूर्ण पैसे कापतात. एजंटने तुम्हाला जहाजावर खर्च करायला काही डॉलर दिले असतील आणि ते परत मिळणार नसतील तर ते इथे वापरा, त्यासारखा दुसरा उपयोग नाही.

आणि फुकेतला खाली उतरण्याआधी आईंबरोबर स्पामध्ये तुम्ही स्वतः जा. आरोग्याचा फॉर्म इंग्रजीत असतो, प्रकाश मंद असतो, चष्मा केबिनमध्ये राहिलेला असतो, आणि आपल्या आया परक्या मुलीसमोर दुखणं सांगायचं नाही म्हणून सगळीकडे 'नो' करून मोकळ्या होतात. तुम्ही शेजारी बसून एकेक ओळ मराठीत वाचा. पायांना मुंग्या येतात का, कुठली गोळी चालू आहे, कुठे जखम आहे का. फॉर्म देण्याआधी त्यांच्या चपला काढून दोन्ही टाचा एकदा नीट बघा.